डावीकडून गिरकी

“डावीकडे गं, डावीकडे! लिहायचा हात सोडून दुसरी बाजू. एवढं साधं कळत नाही?”

सरांचा आवाज हॉलच्या पत्र्याला धडकून परत आला. भिंगरी मॅटवर कुशीवर पडली होती. पळत येऊन मागे उडी, हवेत कोलांटी आणि त्या कोलांटीतच एक पूर्ण गिरकी, हा तिच्या हातचा मळ होता. नाव काय उगीच पडलं होतं? पण गेले आठ महिने कार्टी फिरायची ती उजवीकडून. धावत येऊन हात टेकणार डावीकडून, बीमच्या अरुंद पट्टीवर वळणार डावीकडून, गिरकी तेवढी उलटी! एका गिरकीपुरतं ते खपून जायचं. दुसरी घ्यायला गेली की अंग दोन्हीकडे ओढलं जायचं आणि बाईसाहेब धप्पकन खाली. रविवारी जिम्नॅस्टिक्सच्या संघाची निवड होती आणि निवडीत दोन गिरक्या करून दाखवायच्या होत्या.

बाकीच्या मुली केव्हाच घरी गेल्या होत्या. हॉलमध्ये दोघंच उरली होती, बाप आणि लेक. पण इथे तिने बापाला ‘सर’ म्हणायचं आणि अहोजाहो करायचं. नियम सरांचाच.

उपायही त्यांनीच काढला होता. डाव्या भिंतीवरच्या खिळ्याला रुमाल अडकवायचा. डावीकडून फिरलं की अर्ध्या गिरकीत तो दिसणारच. दिसला की रंग ओरडायचा. रुमाल दिसला म्हणजे पुढे जमीनही दिसेल, आणि जमीन दिसली की मग घाबरायचं कशाला?

तीन दिवस ती न चुकता “लाल!” ओरडत होती आणि तीन दिवस वाकडीच पडत होती.

“पुन्हा,” सर म्हणाले.

ती धावली, उडाली, डावीकडे फिरली. “लाल!” ओरडली आणि खांद्यावर आदळली.

सर तिला उठवायला निघाले आणि जागीच थांबले. मघाशी घाम पुसायला त्यांनी रुमाल काढून घेतला होता. तो त्यांच्या गळ्यात होता. भिंतीवर नुसता खिळा होता.

रागाने त्यांची कानशिलं तापली. म्हणजे तीन दिवस ही पोरगी ठोकून देत होती! “माझ्या डोळ्यांत धूळ फेकतेस? बापाला बनवतेस?” त्यांनी तिची हनुवटी धरली आणि खिळा डाव्या डोळ्यासमोर येईल इतकी मान वळवली. “बघ. आहे तिथे रुमाल?”

तिची मान तिथे थांबली नाही. त्यांच्या बोटांतून सुटून आणखी वळली, पार वळली, कोंबडी दाणा बघताना वळवते तशी. मग ती हळूच म्हणाली, “नाहीये.”

ही वळलेली मान सरांनी कुठे पाहिली नव्हती? टीव्हीपुढे पाहिली होती, ताटावर पाहिली होती. दाराच्या चौकटीला रोज तिचा डावा खांदा लागायचा. “आंधळी कोशिंबीर खेळतेस का घरात?” तिची आई म्हणायची, आणि ते पेपरातून डोकं न काढता हसायचे. शेजारून कोणी हात लावला की ही दचकायची. तिला भित्री भागूबाई म्हणणारे तेच.

त्यांनी तळहाताने तिचा उजवा डोळा झाकला.

“किती बोटं?”

“दोन,” ती पटकन म्हणाली.

सरांचा दुसरा हात खालीच होता.

“तीन?” तिने विचारलं. “थांबा, सांगते. चार.”

त्यांनी हात काढला. “कधीपासून?”

“बीमवरून पडले होते ना, भुवई आपटली होती, तेव्हापासून.”

“आणि सांगितलं नाहीस? अगं, सांगायचं नाही?”

“सांगितलं होतं की.” तिला खरंच नवल वाटलं. “धुरकट दिसतंय म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, काही झालेलं नाही, घाम गेलाय डोळ्यात. पूस आणि चढ वर. मी पुसला. घरी जाऊन पण पुसत होते.”

सर मॅटवर बसले. गळ्यातला रुमाल त्यांनी ओढून काढला आणि त्याचं काय करायचं ते न कळून मुठीत धरला. आठ महिने! या हॉलमध्ये कोणाचं पाऊल बोटभर वाकडं पडलं तरी त्यांना दारातून कळायचं. लोक म्हणायचे, सरांच्या नजरेतून काही सुटत नाही.

भिंगरी त्यांच्या शेजारी येऊन बसली. नेहमी बसायची तशीच, त्यांना उजव्या हाताला घेऊन. घरीही याच बाजूला बसायची. लेकीचा आपल्यावर जीव आहे म्हणून बसते, असं त्यांना वाटायचं.

“सर, उजवीकडून फिरलं ना की जमीन दिसते मला,” ती म्हणाली. “रविवारी उजवीकडूनच करू का? दोन गिरक्या जमवते मी. नक्की जमवते.”

सर उठले, तिच्या मागून पलीकडे गेले आणि तिच्या डाव्या बाजूला गुडघ्यांवर बसले. ती अजून रिकाम्या मॅटकडे बघत होती. त्यांनी तिच्या गालाकडे हात नेला. हात गालापासून बोटभर अंतरावर आला, तरी तिची पापणी हलली नाही.

मग बोटं टेकली आणि ती केवढ्याने तरी दचकली.

“काय रे बाबा,” ती म्हणाली, “आधी सांगायचं ना.”