वाटाड्याचा कल

खोलीत आठ सर्व्हर होते, दोन स्क्रीन, तीन खुर्च्या आणि दोन सख्ख्या बहिणी. डावीकडचे चार सर्व्हर थोरलीचे, उजवीकडचे चार धाकटीचे. दारापाशी बुटांच्या खोक्याएवढा नववा डबा होता. त्याला सगळे वाटाड्या म्हणत.

परीक्षेचा निकाल सकाळी दहाला लागला होता. निकाल पाहणारा प्रत्येक जण आधी वाटाड्याकडे येई आणि वाटाड्या त्याला आठांपैकी एकाकडे धाडी. नियम साधा. ज्याच्या दारात सगळ्यांत कमी लोक ताटकळत असतील, त्याच्याकडे पुढचा माणूस. दर पाच सेकंदांनी वाटाड्या प्रत्येक सर्व्हरला 'आहेस का?' विचारी. 'आहे' असं उत्तर आलं की त्याचं समाधान; माणसाच्या हाती काय पडलं, ते तो बघत नसे.

पावणेअकराला थोरलीने आकडे पाहिले. शंभरातले ब्याऐंशी लोक धाकटीकडे जात होते.

"वाटाड्यालाही तूच आवडतेस म्हणायची," ती म्हणाली.

लहानपणी घरी पाहुणे आले की आधी धाकटीला उचलून घेत. शाळेत बक्षिसं धाकटीला. ही नोकरी मात्र धाकटीला थोरलीने लावून दिली होती, आणि आता नव्या केंद्राचं प्रमुखपद एकच होतं. सरांनी सकाळीच सांगितलं होतं, "साडेअकरा ते बारा मी मोजणार. जिचे सर्व्हर जास्त लोकांच्या हाती निकाल देतील, ती तिकडे जाईल."

थोरली उठून उजवीकडे गेली. धाकटीच्या सर्व्हरवर तिने हात ठेवला. गार. पंख्यांचा आवाजसुद्धा नाही. तिचे स्वतःचे चार मात्र जिना चढलेल्या हमालासारखे धापा टाकत होते. एवढी गर्दी अंगावर घेऊन ह्यांच्या कपाळावर आठी नाही! तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

काचेपलीकडे तक्रारींचे फोन वाजत होते. निकालाच्या दिवशी ते वाजतातच, आज जरा जास्त. "पान कोरं दिसतंय? पुन्हा उघडून बघा," फोनवरची बाई कितव्यांदा तरी म्हणत होती. आपल्याच संथ सर्व्हरांच्या नावाने लोक बोटं मोडत असणार, असं थोरलीला वाटलं.

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "तुझी सेटिंग घेऊ का?"

सगळ्यांच्या सेटिंगची प्रत रोज संध्याकाळी एका सामाईक फोल्डरमध्ये ठेवली जाई. फोल्डरला कुलूप नव्हतं. दुसऱ्याचं घ्यायचं तर विचारून घ्यायचं, एवढाच तिथला दंडक.

"माझी? तू तर हत्तीवरून साखर वाटत निघालीस. तुला माझी चिमूट कशाला?"

"बघायचीय जरा."

"घे बाई. माझे फ्रॉक न विचारता घालायचीस, नोकरीने वळण लावलं म्हणायचं!"

धाकटी हसली नाही. "ताई, माझी ही नवी सेटिंग आहे ना, ती..."

"पुरे. तुझी कौतुकं अख्खं ऑफिस गातंय, मला नको ऐकवूस."

धाकटीने खुर्ची स्क्रीनकडे वळवली. वीसेक मिनिटं ती खाली मान घालून टकटक करत होती. मग पाण्याची बाटली घेऊन बाहेर गेली.

अकरा पंचवीस. थोरलीने फोल्डर उघडला. धाकटीची कालच्या तारखेची सेटिंग समोरच होती. चोराच्या मनात चांदणं. तिने दोनदा दाराकडे पाहिलं. मग ती सेटिंग उचलली आणि आपल्या चारही सर्व्हरवर चढवली.

मिनिटभरात तिचे पंखे शांत झाले. आकडा चढू लागला. शंभरातले तीस, अठ्ठावन्न, पंच्याऐंशी. साडेअकराला एक्क्याण्णव. थोरलीने सर्व्हरला हात लावून पाहिला. गार होत चालला होता. कित्येक वर्षांनी तिच्या पोटातही तसंच काहीतरी निवलं.

धाकटी परत आली. "अगं बाई, एवढी गर्दी तुझ्याकडे?"

"लोकांना कळतं गं, कुठे जायचं ते."

उजवीकडचे पंखे आता जोरात घुमत होते. तो आवाज थोरलीच्या कानांना गोड लागत होता.

"दमले वाटतं तुझे?"

"कामाला लागलेत," धाकटी म्हणाली. स्क्रीनवरून नजर न हलवता तिने पुढे जोडलं, "तुझ्याच कृपेने, ताई."

टोमणा! थोरलीने तो हसून झेलला. जिंकणाऱ्याला परवडतं.

काचेपलीकडचे फोन थांबले नव्हते.

बाराला सर एक कागद घेऊन आले. तिसऱ्या खुर्चीत बसून त्यांनी तो दोनदा वाचला, उलटा करून मागची बाजूही पाहिली.

"छोट्या बाईंकडे गेलेले लोक दोन हजार एकशे चौदा. निकाल मिळालेले दोन हजार एकशे चौदा."

थोरलीने ओढणी सारखी केली. "आणि माझ्याकडे?"

"एकवीस हजार तीनशे सत्त्याऐंशी," सर म्हणाले. "सगळ्यांना चटकन कोरं पान. निकाल मिळालेले शून्य."