लाईट आली

"लाईट आली. मोटार चालू झाली," मोबाईल बोलला.

तातेरावांचा घास हातातच राहिला. ताटावरून ते अर्धे उठलेसुद्धा, मग काहीतरी आठवून पुन्हा खाली बसले.

उषाबाई भाकरी थापता थापता बघत होत्या. मोसंबीची बाग लावली तेव्हापासून हा माणूस रानातल्या आखाड्यावर, तिथल्या खोपीतच राहायचा. शेतीची लाईट कधी पहाटे यायची, कधी दिवस मावळताना, आणि ती येईल तेव्हा पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर दाबायला कुणीतरी तिथं लागायचंच. घरी यायचे ते आंघोळीपुरते, नाहीतर डबा न्यायला. आज मात्र दिवे लागायच्या वेळेला नवरा घरात जेवत होता. उषाबाईंनी सकाळीच पलंगावर नवी चादर घातली होती.

हे घडवलं होतं त्यांच्या मुलीनं. अर्पिता जालन्यात एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत कामाला होती. शेतकऱ्यांसाठी तयार केलेलं ॲप तिनं सगळ्यात आधी गावी वडीगोद्रीला, आपल्याच बागेत आणलं होतं.

"आबा, निवांत जेवा. झाली मोटार चालू."

"पण केली कुणी?"

अर्पिता सरसावून बसली. "ॲपच्या मधी एक गाभा हाये. त्याचं काम फक्त दवंडी द्यायचं. लाईट आली की तो 'लाईट आली' म्हणतो. बास. कोण ऐकतंय, ऐकून काय करतंय, त्याला पत्ता न्हाई. ऐकणारे प्लग-इन वेगळे. म्हणजे सुटे तुकडेच समजा. एक तुकडा मोटार चालू करतो, एक तुम्हाला सांगतो, एक पाणी मोजतो. त्यातला कुठला काढा, नवा जोडा, बाकीच्यांना धक्का न्हाई."

तातेरावांनी घास गिळला. "ठिबकचा फिल्टर तुंबला मंग?"

"पाण्याच्या दाबावर नजर ठेवणारा तुकडा जोडू. दाब वाढला की दवंडी, अन् मोटार बंद."

"उंदरानं नळी कातरली तर?"

"मंग दाब कमी होईल. तोच तुकडा तेबी सांगंल."

"अन् रानडुकरं?"

"कॅमेऱ्याचा तुकडा. पुढच्या महिन्यात."

"केबल कापून नेली कुणी?"

"कापली की त्याच घडीला तुमचा फोन वाजंल, आबा."

"अगं बाई! मंग जोड की सगळेच," उषाबाई हरखून म्हणाल्या आणि गरम भाकरी वाढायला वळल्या. तेव्हा त्यांना नवऱ्याचं तोंड दिसलं. मुलीच्या एकेका उत्तरासरशी ते उतरत चाललं होतं. आता तर विचारायलाही काही उरलं नसावं. भाकरीला नको म्हणून तातेरावांनी ताटातच हात धुतला.

"येतो जरा जाऊन."

"कुठं?" अर्पितानं विचारलं.

"हितंच. रानात."

"अहो, पण मोटार तर..." उषाबाई बोलेपर्यंत ते अंगणाबाहेर पडले होते.

अर्पिता मोबाईलकडं बघत राहिली. तिचा चेहरा एवढासा झाला. "आई, माझं काही राह्यलं का? सांग ना. उद्याच्या उद्या जोडते."

"तुझं सगळं बराबर हाये, बाई." उषाबाईंनी तवा उतरवला, गॅस बंद केला आणि पायात चपला सरकवल्या.

"थांब, स्कूटीवर सोडते."

"नको. जाते मी."

रानाकडं जाणाऱ्या पांदीच्या वाटेनं त्या झपाझप निघाल्या. इतकी वर्षं त्यांनी त्या मोटारीला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. सवतीवर जळावं तशा त्या मोटारीवर जळायच्या. मोटारीनंच आपला माणूस अडकवून ठेवलाय, ती सुटली की तो घरी येईल, असं त्यांनी पक्कं धरलं होतं. आता मोटार सुटली होती, आणि माणूस तिच्याकडंच गेला होता. चालता चालता राग आला, मग रडू आलं, आणि बागेशी पोचेपर्यंत दोन्ही ओसरलं.

तातेराव आखाड्यासमोर बाजेवर बसले होते. शेजारी खांबावर जुना स्टार्टर, त्याच्या अंगाला अर्पितानं बसवलेली पांढरी पेटी. मोटारीचा आवाज एकसारखा येत होता. ते काहीच करत नव्हते. नुसते ऐकत होते.

"बिघडलं का काही?"

"न्हाई. बिलकुल न्हाई." त्यांनी मान हलवली. "लय भारी केलंय पोरीनं."

"मंग?"

तातेरावांनी हात लांबवून पेटीवर ठेवला. मग पेटीकडं बघतच म्हणाले, "लाईट आली की मला पळावं लागायचं, उषा. अंगात ताप असो, पाऊस असो. मी गेलो न्हाई तर झाडं वाळणार, असं वाटायचं. आता ती येती अन् मोटार आपली आपली चालू होती. घरी बसून मी कुणाला लागणार?"

उषाबाईंनी पदर सारखा केला. असलं काही त्या जन्मात बोलल्या नव्हत्या. आज बोलल्या.

"मोटारीला लागत नसाल तुम्ही आता. मला लागता."

तातेरावांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडं नीट बघितलं. मग बाजेवरची गोधडी गोळा करून एका कडेला सारली आणि थोडे सरकले.

"डास लय असतेत हितं," ते म्हणाले.

"असू द्या." उषाबाईंनी चपला काढल्या आणि पाय वर घेतले.