चिमूटभर नीळ

"पेंटर, सोडू का पडदा?" लिंबाजीनं दोर धरून स्टेजवरून तिसऱ्यांदा विचारलं.

"थांब जरा," धम्मानंद म्हणाला. तो समाजमंदिराच्या दारातच उभा होता, काळा चष्मा डोळ्यांवर घट्ट दाबून. चष्मा काढायचा आणि वर बघायचं, एवढंच काम होतं. पण तो उंबऱ्याच्या आत पाय टाकत नव्हता. सोनपेठ तालुक्यात ज्याच्या पडद्यांशिवाय नाटक उभं राहत नव्हतं, तो माणूस आपल्याच पडद्याला भीत होता.

परवा सेलूच्या शिबिरात त्याच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू निघाला. डाव्याची तारीख पुढच्या महिन्यातली. आज सकाळी घरी येऊन त्यानं चष्मा काढला, तर समोरची भिंत निळी. दोन वर्षांपूर्वी त्यानं स्वतःच्या हातानं ती पांढरी केली होती. चुन्यात चिमूटभर नीळ घातली होती, सगळेच घालतात; तरी चुना पिवळट वाटला म्हणून आणखी एक चिमूट, मग आणखी एक. त्यानं उजवा डोळा झाकला. भिंत मळकट पांढरी. डावा झाकला. निळीच्या निळी. दोन वर्षांत कुणी काही बोललं नव्हतं, पण ज्या वस्तीत घरोघरी निळे झेंडे, तिथं निळ्या भिंतीला नावं कोण ठेवणार.

भिंतीचं एक जाऊ द्या. सहा वर्षं दोन्ही डोळे पिकत आले होते आणि सहा वर्षं तो पडदे रंगवत होता. जंगल, राजवाडा, चांदणं. आणि आता उद्याच्या जयंतीसाठी चवदार तळं. महाड त्यानं कधी पाहिलं नव्हतं, पाणी येलदरीच्या धरणाचं उतरवलं होतं. नाटकात पहिली ओंजळ भरली जाते तेव्हा सगळा मांडव गप्प होतो, म्हाताऱ्या बाया पदर डोळ्याला लावतात. त्या वेळी मागं रंगपंचमीचं पाणी दिसलं तर? एक जण जरी फिसकन हसला, तरी सगळं संपलं.

मागून त्याची बायको सुलाबाई आली, डोळ्यात घालायच्या औषधाची बाटली मुठीत धरून.

"काहून थांबलाव? चला की आत."

"सुला, मला भ्या वाटायलंय."

चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघालं. तिनं त्याच्या डोळ्यांवरचा चष्मा उतरवला आणि लिंबाजीला हात केला.

दोर सुटला. पडद्याचा बांबू गडगडत खाली आला.

पाणी पाण्यासारखं होतं. काठाला हिरवट, मधे गहिरं, पायऱ्यांशी ढगाची सावली पडलेली. धम्मानंदचा जीव भांड्यात पडला, पण तिथं फार वेळ टिकला नाही. त्यानं उजवा डोळा झाकून बघितलं. डाव्या डोळ्याला तेच पाणी चहासारखं गढूळ. त्या गढूळपणावर तर त्यानं नीळ ओतून घेतली होती, डब्यावर डबे. मग ती गेली कुठं?

रंग कालवायचं काम सुलाबाईचं. सरस उकळायचा, त्यात रंगाची पूड कालवायची. ओला रंग गडद दिसतो, वाळला की उतरतो. म्हणून ती चिंधीवर एक फराटा ओढून चिंधी तव्यावर वाळवायची आणि त्याला दाखवायची. तो चिंधी डोळ्याशी नेऊन म्हणायचा, नीळ कमी हाय, आजून घाल. ती चुलीकडं जायची, परत यायची, म्हणायची, घातली. मग तो खूश होऊन म्हणायचा, आता कसं.

तो तिच्याकडं वळला.

"तू नीळ घालतच नव्हतीस."

सुलाबाईनं नजर पडद्यावरच ठेवली. "डब्याला पळी लावून वाजवायचे. तुमाला तेवढं बास व्हायचं."

"कवापासून?"

"सहा साल झाले."

"मला सांगितलं काहून न्हाई?"

"सांगितलं असतं तर तुमी ब्रश खाली ठिवला असता. मंग घरात बसून केलं काय असतं?"

धम्मानंदला धड रागही आला नाही. सकाळची भीती गेली होती, तिच्या जागेवर दुसरीच येऊन बसली होती. वीस गावांत ज्याला पेंटर म्हणत होते, तो नेमका कोण?

लिंबाजीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो पांढऱ्या रंगाचा डबा आणि बारीक ब्रश घेऊन आला. पडदा एकदा सोडून बघितला की कोपऱ्यात नाव टाकायचं, ही धम्मानंदची जुनी रीत. "टाका पेंटर, नाव टाका. लय झ्याक झालंय पाणी."

धम्मानंद पडद्याजवळ गेला आणि त्यानं ब्रश बुडवला. कोपऱ्याशी नेला. पण तो तिथंच राहिला, आणि टोकावरचा थेंब फरशीवर पडला.

"सुला, मंग ह्याच्यात माझं असं काय हाय?"

सुलाबाईनं जरा विचार केला. सहा वर्षं खोटं बोलून ती कंटाळली असावी.

"घरची भिंत," ती म्हणाली. "ती सबंद तुमची हाय. तवा मी माहेरी गेलते."