नदीला जोडलेला रस्ता

नवऱ्याने नदीच्या तोंडाला रस्ता आणून जोडला. बायकोने पाहिलं, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "बसला."

पुठ्ठ्याच्या चौकोनांचा खेळ. एखाद्यावर रस्त्याचा तुकडा, एखाद्यावर नदीचा, एखाद्यावर शेताचा. रस्त्याला रस्ता लागला पाहिजे, नदीला नदी. मुलांसाठी घरात आलेला. मुलं आपापल्या वाटेने गेली, खेळ मागे राहिला. घरचा एक कायदा होता: समोरच्याने "बसला" म्हटल्याशिवाय चौकोन पक्का नाही. आणि बायको भलतीच काटेकोर. पोटच्या पोरांचीही एक चूक तिने कधी चालवून घेतली नव्हती. नवरा तिला इन्स्पेक्टरबाई म्हणायचा.

हल्ली मात्र तोच चुकत होता. चहाचा कप चाचपडत उचलत होता. पाठदुखीचं निमित्त सांगून त्याने शाळेची बस चालवणं थांबवलं, तेव्हाच ती काय ते समजली. त्याच्या वडिलांचे डोळे असेच गेले होते. तो बोलला नाही, तिनेही विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. बस तर त्याने स्वतःहून सोडलीच आहे, आता निदान खेळात तरी त्याला हरवायला नको, एवढंच तिला वाटलं. त्याच्याकडे बघून तिचा जीव तुटायचा. तो मात्र रोज जिंकत होता आणि दिवसेंदिवस खुलत होता.

आजही तोच जिंकला. खुर्चीत मागे रेलून हसला.

"तुला सांगितलं नव्हतं. डोळे चालले असं वाटत होतं. म्हटलं, डॉक्टर कशाला, घरात इन्स्पेक्टर बसलीय. तिने एक जरी चौकोन परत केला, तर स्टिअरिंगला हात लावायचा नाही." त्याने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "एकही परत आला नाही. उद्यापासून बस पुन्हा माझ्याकडे."

बसभर पोरं बायकोच्या डोळ्यांपुढे आली. खिडकीसाठी भांडणारी, दप्तरावर पेंगणारी. खरं सांगितलं तर हा माणूस उभा मोडणार, हेही तिला कळत होतं.

तिने नदीला जोडलेला तो रस्ता उचलला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. मग शेतात घुसलेली नदी ठेवली. मग आणखी एक. त्याची ओंजळ भरली तरी ती थांबली नाही.

तो चिडला नाही. त्याने चौकोन खाली ठेवले, फोन काढला आणि तिच्यापुढे धरला.

"बसच्या मालकांचा नंबर तूच लाव," तो म्हणाला. "आकडे मला कधीचेच दिसत नाहीत."