अळणी भाजी

"डब्यातली भाजी कशी होती?" सुलभाने फोनवर विचारलं.

"एकदम फक्कड!" दत्तोबांचा आवाज म्हणाला.

नवऱ्याच्या तोंडून कौतुक? तिने लगेच ओळखलं, हा टेम्पो बोलतोय. हल्ली चालकाचे फोन गाडीच त्याच्या आवाजात घ्यायची, आणि लबाड भलतीच गोड बोलायची.

"तू गप गं बये! अहो, तुम्हीच बोला."

घाटातल्या वळणावर दत्तोबांनी हसत फोन कानाला लावला. "अळणी होती गं..."

पुढे नुसता पत्र्याचा आवाज आला.

तेराव्याची पंगत उठल्यावर सुलभाने पुन्हा तोच नंबर लावला. भंगारात पडलेल्या टेम्पोला वाटत होतं, आपण अजून घाटातच आहोत.

"बोल गं! भाजी एकदम फक्कड होती!"

"तूच बोल बाई," सुलभा म्हणाली. "त्यांना नको देऊस फोन. वळण आहे पुढे."