डावीकडचं तिसरं बाक

आमच्या मिलवॉकीच्या ट्राम वळत नाहीत. शेवटच्या थांब्यावर चालक ओटो गाडी चालवायचा आपला दांडा काढून घेऊन दुसऱ्या टोकाला जातो आणि मी, कंडक्टर, प्रत्येक बाकाची पाठ खटाखट पलीकडे ढकलतो. झालं, उतारूंची तोंडं पुन्हा पुढे.

फक्त डावीकडचं तिसरं बाक सोडून. ते मेलं महिनाभर आपोआप उलटं फिरत होतं.

"अहो कंडक्टर, हे सरळ करा की!" रोज तेच. आणखी एक तक्रार आली तर घरी बसा, असं साहेबांनी बजावलं होतं.

"एकवीस वर्षांच्या नोकरीत एक बाक फिरवता येईना?" ओटो दात काढायचा.

आज भरदुपारी मी ते बाक तारेने करकचून बांधलं. उतारू बसले, मी दोनदा घंटा दिली, गाडी सुटली. मग वळून पाहिलं.

बांधलेलं बाक जागच्या जागी होतं. बाकीची सगळी फिरली होती आणि उतारू त्यांच्यावर निवांत बसले होते, मागे तोंड करून.

"ओटो, थांबव गाडी!" मी ओरडलो. पुढे दांड्यापाशी कोणीच नव्हतं. गाडी धावत होती.

"ओरडता काय?" एक म्हातारी वैतागून म्हणाली. "हे एकच बाक उलटं का ठेवलंत, ते सांगा आधी."