हवेशीर

ब्लँटायरच्या आमच्या आर्किटेक्चर कॉलेजात क्षयरोग्यांच्या वॉर्डचं मॉडेल बनवणं महिनाभर चाललं होतं. भिंती पातळ कागदाच्या आणि बाहेर चिपेरोनीचा, आमच्याकडच्या थंडीतला बोचरा वारा. पहिल्याच दिवशी मॉडेलचं छप्पर उडालं, तेव्हा आमच्या गटातल्या वेझीने वर्गाच्या सगळ्या खिडक्या लावल्या आणि फटींवर चिकटपट्टी मारून टाकली.

लिंबानीला खोकला आला की ती खेकसायची, "ए बाबा, तोंड तिकडे कर! माझं हॉस्पिटल पाडशील!"

"गारठा बाधलाय गं, दुसरं काय!" लिंबानी हसायचा. त्याचा स्वेटर आता मोठ्या भावाचा वाटायला लागला होता.

आज काचिंग्वे मॅडम मॉडेल तपासायला आल्या. लिंबानी आला नव्हता, अंगात ताप होता म्हणे. मॅडमनी मॉडेलच्या खिडकीशी छोटा पंखा लावला आणि आत डासांच्या कॉइलचा पेटता तुकडा ठेवला.

"हा धूर म्हणजे रुग्णाचा श्वास. बघू, किती रेंगाळतो."

धूर समोरच्या खिडक्यांतून बघता बघता बाहेर पडला.

"शाब्बास! इथे एकाचा आजार दुसऱ्याला लागायचा नाही."

आम्ही टाळ्या वाजवल्या. मॅडम मात्र वर बघत राहिल्या. बाहेर पडलेला धूर आमच्या डोक्यांवर तसाच तरंगत होता.

आणि त्याच्याखाली, मॉडेलला धक्का लागू नये म्हणून आमच्याकडे तोंड करून, वेझी खोकत होती.